टाकाऊतून दिखाऊ

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या शहरांमध्ये एक नवीन प्राणिसंग्रहालय उभं राहिलंय. त्याला पिंजरे नाहीत. उड्डाणपुलाखाली, चौकातल्या बेटावर, पालिकेच्या बागेच्या दाराशी हे प्राणी दिसतात. सिंह, घोडा, गरुड, बैल. खाडीकाठचं शहर असेल तर फ्लेमिंगो. सगळे नट-बोल्ट, सायकलच्या चेन, मोटरसायकलचे गिअर, स्पार्क प्लग आणि पाइपचे तुकडे वेल्डिंग करून जोडलेले. खाली पाटी असते, 'टाकाऊतून टिकाऊ'. शेजारी 'आय लव्ह अमुकतमुक' लिहिलेलं लाल हृदय. संध्याकाळी सातनंतर जांभळा प्रकाश.

मला हे प्राणी आवडत नाहीत. नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. चौकाचौकांत काय काय उभं आहे आणि आपण कशाकशाकडे काणाडोळा करतो, ती यादी लांबलचक आहे. पण हे सिंह-घोडे लोकांच्या पैशाने, लोकांच्या जागेत, लोकांना एक गोष्ट सांगतायत, आणि ती खोटी आहे. कचऱ्याबद्दल खोटी आहे आणि शिल्पकलेबद्दलही.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी शिल्पकार नाही. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या असंख्य मुलांपैकी एक आहे. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा एक विषय असतो, तो मी अजून विसरलेलो नाही. माइल्ड स्टीलचा एक चपटा तुकडा हातात देतात. तो व्हाइसमध्ये आवळायचा, कानशीने घासून काटकोन आणायचा, मग त्यात व्ही आकाराची खाच पाडायची आणि त्या खाचेत नीट बसेल असा दुसरा तुकडा करायचा. दिवसभर घासून झाल्यावर गुण्या लावला की फटीतून उजेड दिसतोच. लोखंड काय चीज आहे ते तेव्हा खांद्याला कळतं. घाई केली की कानस घसरते, कोपरा गोल होतो, आणि गोल झालेला कोपरा परत येत नाही. कोडमध्ये कंट्रोल झेड असतं, इथे नसतं. लोखंड तुमचं ऐकत नाही, तुम्हाला त्याचं ऐकून घ्यावं लागतं. चौकातल्या सिंहावरचा माझा सगळा राग त्या कानशीतून आलेला आहे.

तर पहिली गोष्ट अशी की, पाटीवर ज्याला टाकाऊ म्हटलंय ते टाकाऊ नसतंच. तुमच्या घरातलं जुनं लोखंड कधी घंटागाडीत गेलंय का? ते भंगारवाला वजनावर घेतो. पत्र्याचा भाव वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा. तांबं-पितळ आहे का, हे तर तो स्वतःहून विचारतो. त्याच्याकडून ते मोठ्या गोदामात जातं, तिथून भट्टीला. आपल्या जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. त्यातलीच एखादी सळई तुम्ही राहता त्या बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये असेल. शिवाय भारत दरवर्षी लाखो टन लोखंडी भंगार परदेशातून विकत आणतो, इतकी त्याला मागणी आहे. म्हणजे सिंहाच्या आयाळीत बसलेल्या बोल्टला कुणी वाचवलेलं नाही. तो सळई व्हायला निघाला होता. आपण त्याला वाटेत अडवलं, प्रायमर लावला, चौथऱ्यावर बसवलं आणि पुनर्वापर केला म्हणून टाळ्या घेतल्या.

ज्याला खरोखर कुणी विचारत नाही त्याचा सिंह होत नाही. वेफर्सचं चकचकीत पाकीट, शाम्पूची पुडी, थर्माकोल, वापरलेला डायपर, रस्सा सांडलेला पार्सलचा डबा. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे अतिपातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हातही लावत नाही. शहरापुढचा प्रश्न ते पाकीट आहे. लोखंडाचा प्रश्न भंगारवाल्याने कधीच सोडवलाय, आणि त्या भंगारवाल्याला आपण अजून सोसायटीच्या गेटवर अडवून वहीत नाव लिहायला लावतो.

या प्रकाराचा सगळ्यात मोठा नमुना दिल्लीत आहे. सराय काले खानजवळ २०१९च्या फेब्रुवारीत 'वेस्ट टू वंडर' नावाचं पार्क सुरू झालं. ताजमहाल, गिझाचा पिरॅमिड, आयफेल टॉवर, पिसाचा कलता मनोरा, रोमचं कलोसियम, रिओचा ख्रिस्त आणि न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, अशी सात आश्चर्यं भंगारातून उभी केली आहेत. त्यासाठी सुमारे १५० टन भंगार वापरलं, असं तेव्हा प्रत्येक बातमीत होतं. आकडा भारदस्त आहे. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा: दिल्लीत रोज दहा-अकरा हजार टन कचरा तयार होतो. तासाला साडेचारशे टन धरा. १५० टनांना किती वेळ लागतो? वीस मिनिटं. जगातली सात आश्चर्यं म्हणजे दिल्लीचा वीस मिनिटांचा कचरा. तेवढ्या वेळात मागवलेला पिझ्झासुद्धा धड येत नाही. आणि ही वीस मिनिटंही मी उदार होऊन देतोय, कारण पाइप आणि गाड्यांचे सुटे भाग त्या रोजच्या कचऱ्यात नसतातच, ते आधीच विकले गेलेले असतात.

त्याच शहरात यमुनेच्या पलीकडे गाझीपूरचा कचरा डेपो आहे. १९८४ साली सुरू झाला. २००२ सालीच तो भरला होता, तरी त्यावर कचरा टाकणं थांबलं नाही. त्याची उंची इतकी वाढली की लोक तिची तुलना कुतुबमिनाराशी करायला लागले. २०१७च्या सप्टेंबरमध्ये पावसानंतर त्याचा एक भाग कोसळला आणि दोन माणसं मेली. दिल्लीने कचऱ्यातून उभं केलेलं खरं स्मारक ते आहे. त्याला तिकीट नाही आणि त्याच्यासमोर कुणी सेल्फी काढत नाही. आपण मुंबईकर-पुणेकरांनी इथे फार हसू नये. देवनारचा डेपो १९२७पासून चालू आहे आणि २०१६च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहाने टिपला होता. उरुळी आणि फुरसुंगीच्या लोकांना पुण्याबद्दल विचारून बघा, ते काय बोलतात ते इथे छापता येणार नाही.

बरं, कचऱ्याचं गणित बाजूला ठेवू. कुणी म्हणेल, अरे, शिल्प म्हणून बघ ना. बघतो.

आयफेल टॉवर खाली रुंद आणि वर निमुळता का आहे? दिसायला बरा दिसतो म्हणून नव्हे. तीनशे मीटर उंचीवरचा वारा मनोऱ्याला ढकलतो, तो भार पायांपर्यंत नेताना लोखंडाला जो वळसा घ्यावा लागतो, साधारण तोच वळसा त्या चार पायांना आहे. १८ हजारांहून जास्त तुकडे आणि २५ लाख रिव्हेट. आकार हे लोखंडाचं वाऱ्याला दिलेलं उत्तर आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तांब्याच्या जेमतेम अडीच मिलिमीटर जाड पत्र्याचा आहे. आतला लोखंडी सांगाडा त्याच आयफेलने केलेला. ती हिरवी दिसते कारण तांबं हवेत हिरवं होतं. आता या दोन्हींची भंगारातली छोटी आवृत्ती करताना काय उरतं? फक्त बाह्यरेषा. कारण गेलं, पदार्थ गेला, आणि ओळखू येईल एवढा आकार राहिला. आमच्या धंद्यात याला थीम बदलणं म्हणतात. ॲप तेच, आता डार्क मोडमध्ये.

चौकातल्या सिंहाचं तेच होतं. सिंह कसा दिसणार हे आधीच ठरलेलं असतं, बहुतेक वेळा गूगलवरच्या फोटोवरून. मग पोलादी सांगाड्यावर बोल्ट भरत जायचं. बोल्टच्या जागी शंख असते तरी तोच सिंह झाला असता. शंखांऐवजी बिस्किटं लावली की तो गणेशोत्सवातला देखावा होतो. दरवर्षी बातमी येतेच, अमुक मंडळाचा इतक्या हजार अमुक वस्तूंचा गणपती. नारळाचा, पेनांचा, वाट्यांचा. मूर्ती तीच, साल वेगळी. बघणारा काय म्हणतो? 'अरे वा, हे बोल्टचं आहे!' आणि झालं, शिल्प संपलं. पुढच्या सेकंदाला बघण्यासारखं त्यात काही राहत नाही. रीलला तेवढं पुरतं, हे मान्य.

माझ्या नेहमीच्या रस्त्यावर असा एक घोडा आहे. शहराचं नाव सांगत नाही, कारण तुमच्याही शहरात तो असेलच. उद्घाटनानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तो गंजायला लागला. मला तो तेव्हा पहिल्यांदा बरा वाटला, कारण तेव्हा तो लोखंडाचा दिसायला लागला. मग कुणीतरी जागं झालं आणि त्याला नखशिखान्त सोनेरी ऑइलपेंट मारला. आता त्यात चेन कुठली आणि गिअर कुठला हेही कळत नाही. ज्या एका गोष्टीसाठी तो केला होता तीसुद्धा रंगाखाली गेली. पाटीवर घोड्याचं वजन आहे, लोकार्पण करणाऱ्या पाच जणांची नावं पदांसकट आहेत. ज्याने केला त्याचं नाव नाही.

हे नाव नसणं मला फार खुपतं. पुण्यात १९९३पासून कचरावेचकांची एक संघटना आहे, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नाव पुन्हा एकदा हळू वाचा. त्यात पदार्थांची यादी आहे. कागद, काच, पत्रा. कुठल्या वस्तूचं काय होतं, काय कशापासून वेगळं काढायचं, कुठल्या बाटलीचं झाकण काढून ठेवायचं, हे ज्ञान त्या बायकांच्या हातात आहे. हजारो घरांचा कचरा त्या रोज हाताने वेगळा करतात. शहराला कचऱ्यातून काही घडवायचं असेल तर पहिल्या मीटिंगला कुणाला बोलवायला हवं? पण पाटीवरच्या कथेत कचरा आपोआप गोळा होतो, आपोआप स्वच्छ होतो आणि एका सुंदर सकाळी त्याचा गरुड होतो.

याचा अर्थ रोजच्या वस्तूंतून शिल्प करूच नये, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. आपल्याइतकं ते कोण करतं? गुढी बघा. वेळूची काठी, कोरं वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. या पाच वस्तू घरात आणि बाजारात असतात, दुसऱ्या दिवशी तांब्या पुन्हा स्वयंपाकघरात जातो. गुढी कशाची तरी नक्कल नाही. तांब्या तांब्याच राहतो, आणि तरी उपडा करून काठीवर चढवला की तो काहीतरी वेगळा होतो. कोकणस्थांकडे भाद्रपदात खड्यांच्या गौरी आणतात. पाणवठ्यावरचे पाच किंवा सात खडे, आणताना बोलायचं नाही, घरी आल्यावर त्या माहेरवाशिणी. खड्यांना डोळे काढत नाहीत, नाक काढत नाहीत. देवीचा तांदळा असतो तोही तसाच, शेंदूर लावलेला दगड. पॅरिसच्या मार्सेल द्युशाँने १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मुतारीचं भांडं सही करून पाठवलं आणि नुसत्या निवडीनेही वस्तूची कलाकृती होते म्हणून जगभर खळबळ उडाली. आमच्या आज्या ते दर भाद्रपदात करत होत्या, हे मी थोडं चेष्टेने आणि बरंचसं गंभीरपणे म्हणतोय.

आणि दिवाळीतला किल्ला! विटा, दगड, गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, अळीव पेरून उगवलेलं हिरवं. तो चिखलाचा असतो म्हणूनच त्याला कडे असतात, दऱ्या असतात. चिखल घसरतो तिथे माची होते. आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळतो, रंगवलेला, घडी करायचीही गरज नाही, गॅलरीत ठेवला की झालं. तयार किल्ला आणि चौकातला सिंह हे सख्खे भाऊ आहेत.

मोठ्या कलाकारांकडेही हेच दिसतं. रामकिंकर बैज यांनी १९३८ साली शांतिनिकेतनात 'संथाळ कुटुंब' केलं. माणसाच्या उंचीहून मोठं, उघड्यावर उभं असलेलं. ब्राँझ आणि संगमरवर परवडण्यातले नव्हते. त्यांनी सिमेंटमध्ये तिथल्याच लॅटेराइटची खडी मिसळली. लॅटेराइट म्हणजे आपला जांभा, कोकणातल्या घरांच्या भिंती असतात तो. बीरभूमची जमीन त्याचीच आहे. संथाळ माणसं ज्या लाल मातीवरून काम शोधत चालत होती, तिचीच ती माणसं झाली. अंग खडबडीत आहे, कारण खडी खडबडीत असते. तिथे संगमरवर वापरला असता तर ती माणसं दुसरीच कुणीतरी झाली असती.

पण ज्या माणसाबद्दल मला जास्त बोलायचंय तो नेक चंद. चंडीगडचं रॉक गार्डन तुम्ही पाहिलं असेल, निदान पहिल्या भारत दर्शन सहलीत. मी मित्राच्या लग्नाला गेलो तेव्हा पाहिलं. माझ्या अपेक्षा तळाला होत्या, मला वाटलं भंगारातल्या सिंहांचा मूळपुरुष इथेच सापडणार.

नेक चंद फाळणीत गाव सुटलेला माणूस. त्याचं गाव पाकिस्तानात गेलं. चंडीगडला तो सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर झाला. ल कॉर्बुझिए तिथे भारताचं सगळ्यात आधुनिक शहर आखत होता, सरळ रेषा, सेक्टर, काँक्रीट. त्या सरळ रेषांसाठी कित्येक जुनी गावं उठवली गेली होती. त्या गावांचं मोडकळीला आलेलं सामान, फुटक्या चिनीमातीच्या बशा, मडकी, बांगड्या, कौलं, विटा, नेक चंद सायकलवरून गोळा करत राहिला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने बांधकामाला बंदी असलेल्या सरकारी जंगलात एक जागा साफ केली आणि नोकरी संपल्यावर, रात्री, चोरून काम सुरू केलं. टायर जाळून उजेड करायचा असं सांगतात. कुठलं टेंडर नाही, परवानगी नाही. सरकारी नोकर सरकारी जमिनीवर बेकायदा काम करत होता, तेही वर्षानुवर्षं. १९७०च्या दशकात अधिकाऱ्यांना ते सापडलं तेव्हा तिथे एकरोएकर पसरलेले चौक आणि शेकडो आकृत्या होत्या. नियमाप्रमाणे ते पाडायला हवं होतं. लोकांनी उचलून धरलं, आणि १९७६ साली ते उघडलं. नेक चंदला पगार आणि मजूर मिळाले, आणि हुद्दा मिळाला: सब-डिव्हिजनल इंजिनिअर, रॉक गार्डन. डिग्री नसलेल्या या इंजिनिअरपुढे मी डिग्रीवाला कान पकडतो.

तिथे फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या बायकांची रांगच्या रांग आहे. चेहरे जवळजवळ सारखे, साधे, थोडे बावचळलेले. कुठलीही एक मूर्ती सुटी उचलून चौकात ठेवली तर ती फार थोर वाटणार नाही, हे मी कबूल करतो. पण शेकडो जणी एकत्र उभ्या आहेत आणि त्यांच्या अंगावर ज्या बांगड्या आहेत त्या कुणाच्या तरी हातातल्या होत्या. उठवलेल्या गावाचा तो ढिगारा आहे. नवीन शहराने जे बाहेर फेकलं ते शहराच्या डोक्याशी, विधानसभा आणि हायकोर्टाच्या शेजारी येऊन उभं राहिलंय. बांगडीऐवजी तिथे बोल्ट लावता येणार नाही. लावला तर अर्थच जाईल. माझी कसोटी एवढीच आहे: पदार्थ बदलून बघा. काही बिघडत नसेल तर ते शिल्प नाही, सजावट आहे.

पुढे एकदा बुलडोझर रॉक गार्डनवर आले होते, तेव्हा शहरातली माणसं हात धरून आडवी उभी राहिली. २०२५च्या मार्चमध्ये मात्र हायकोर्टाकडचा रस्ता आणि पार्किंग वाढवण्यासाठी तिथल्या भिंतीचा एक भाग खरंच पाडला. लोकांनी निषेध केला. एकीकडे गावोगावी पालिका भंगारातून शिल्पं करतायत आणि दुसरीकडे या देशातलं भंगारातलं सगळ्यात मोठं काम पार्किंगसाठी मागे सरकतंय.

घानाचे एल अनात्सुई यांचंही उदाहरण देतो, कारण त्यांचं काम बघून बाटलीचं झाकण कचऱ्यात टाकताना माझा हात थबकतो. ते नायजेरियातल्या न्सुका गावी विद्यापीठात शिकवत. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यांना दारूच्या बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांची एक पिशवी सापडली. ती झाकणं चेपून, पिळून, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवून त्यांनी पत्र्याची कापडं केली. भिंतीवर टांगली की शालूसारखी लवलवतात. पुढे लंडनच्या टेट मॉडर्नच्या अवाढव्य हॉलमध्ये २०२३ साली त्यांची अशी कापडं छतापासून लटकली. आता गंमत बघा. दारू युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणली, तिच्या बदल्यात माणसं नेली, त्या माणसांनी पलीकडे ऊस पिकवला आणि त्या उसाची पुन्हा दारू झाली. झाकणांवर अजून ब्रँडची नावं वाचता येतात. शिवाय या कापडांना ठरलेला आकार नसतो. टांगणारा दरवेळी वेगळ्या घड्या पाडू शकतो, आणि अनात्सुईंना ते चालतं. हजारो झाकणं शिवायला अनेक हात लागतात, तेही ते लपवत नाहीत. झाकण सिंहाच्या कातडीचं काम करत नाही, ते झाकणासारखंच वागतं, फक्त हजारांनी.

आता एक अडचणीचा प्रश्न. सुबोध गुप्तांचं काय? स्टीलच्या भांड्यांची कवटी, २००६ची. भांड्यांचाच अणुस्फोटाचा ढग, २००८चा, आता दिल्लीत किरण नाडर म्युझियमकडे असलेला. ओळखीचा आकार आणि त्यात भरलेल्या वस्तू, मग तो आणि आमचा घोडा यात फरक काय? कवटीबद्दल मी थोडा डळमळीत आहे. तिच्यात मला रीलचा वास येतो. पण ढग वेगळा आहे. ती ताटं, वाट्या, डबे आपल्या प्रत्येकाच्या घरातले आहेत, रुखवतात मांडतात ते. ज्यात जेवायचं त्याचाच बॉम्ब झालाय, आणि भांडी चकचकीत, रिकामी आहेत. वस्तू आकाराशी भांडते. ढगाखाली उभं राहिल्यावर भूक आणि भीती दोन्ही सुचतात. बोल्ट सिंहाशी कशावरून भांडतो? त्याचं सिंहाशी काही देणंघेणंच नाही.

राहिला 'अवेअरनेस'. हा शब्द आला की मी सावध होतो. मी पूर्वी होतो त्या कंपनीच्या लॉबीत एक गरुड होता, कीबोर्डची बटणं, मदरबोर्ड आणि उंदरांच्या वायरी यांचा. खाली लिहिलं होतं की आम्ही ई-कचऱ्याबाबत कटिबद्ध आहोत. त्याच कंपनीत दर तीन वर्षांनी लॅपटॉप बदलायचे, चांगले चालणारेसुद्धा, आणि जुने कुठे जातात हे विचारल्यावर ॲडमिनकडून उत्तर यायचं की व्हेंडर घेऊन जातो. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्याची रीतसर गोळा केल्याची आणि पुनर्वापराची नोंद आहे. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तिथे माणसं उघड्या हातांनी बोर्ड तापवतात, वायरी जाळतात, ॲसिडमध्ये बुडवून तांबं काढतात. गरुडाकडे बघून हे कळतं का? उलट बघणाऱ्याला हायसं वाटतं. चला, कुणीतरी काहीतरी करतंय. जे शिल्प बघून कचऱ्याबद्दल निश्चिंत वाटतं त्याने अवेअरनेस कमीच केला.

'पण मुलांना आवडतं रे.' आवडतंच. मुलांना जेसीबीसुद्धा आवडतो, त्यासाठी तो चौथऱ्यावर चढवत नाहीत. आणि वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. तो घोडा मी जवळून पाहिलाय, सांधे नीट आहेत, मानेचा बाक तर फारच छान साधलाय. ज्या माणसाला चेनचे तुकडे वापरून तो बाक काढता येतो, त्याला 'घोडा कर' असं सांगणं हाच अपमान आहे. त्याला विचारा की तुला लोखंडाचं काय करावंसं वाटतं. बडोदा आणि जेजेमधून दरवर्षी मुलं शिल्पकलेची डिग्री घेऊन बाहेर पडतात आणि मालिकांच्या सेटवर थर्माकोल कोरतात. त्यांना चौक द्या, वेळ द्या, आणि काय करायचं ते आधी ठरवून देऊ नका. काही कामं फसतील. फसलेल्या कामांची मला भीती नाही, इतके सोनेरी घोडे सहन केलेच आहेत.

पालिकेला माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. पुढच्या टेंडरमध्ये 'अमुक किलो भंगार वापरावे' हा रकाना काढा. पाटीवर लिहा की लोखंड कुठल्या भंगारवाल्याकडून, काय भावाने घेतलं, वेल्डिंग कुणी केलं आणि किती दिवस लागले. आणि त्या घोड्यावरचा ऑइलपेंट खरवडून काढा. गंजला तर गंजू दे, लोखंड आहे ते.